‘भरून काढ’ म्हणू नका, रायफल खाली ठेवायला शिकवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शालेय नेमबाजी स्पर्धांचा हंगाम आला की रेंजवर मागच्या बाजूला पालकांची गर्दी होते. एखाद्या मुलीचा एखादा शॉट ८.७ वर पडला की मागून ठरलेले वाक्य येते, ‘असू दे, पुढच्यात भरून काढ.’ आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘दडपणाखाली कोसळली’ एवढे छापून येते. यातले पहिले वाक्य चुकीचे आहे आणि दुसऱ्यातून काहीच कळत नाही.

आधी हिशेब पाहू. दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉट असतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. जिची सरासरी १०.३ आहे तिचा एक शॉट ८.७ गेला, तर तोटा १.६ चा. पुढच्या शॉटला अगदी १०.९ मारला, तरी नेहमीपेक्षा ०.६ च जास्त पदरात पडतात. म्हणजे एक चूक फेडायला लागोपाठ तीन १०.९ हवेत. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे ठरवून १०.९ कोणी मारू शकत नाही. उलट भरून काढायच्या नादात पुढचे दोन शॉट ९.५ आणि ९.३ गेले, की आणखी १.८ गुण जातात. मूळ चुकीपेक्षा तिच्या मागे धावणे महाग पडते, ते असे. ती मुलगी त्या एका चुकीवरच थांबली असती, तर साठ शॉटचे नेहमीचे ६१८ होण्याऐवजी ६१६.४ झाले असते. त्याने आभाळ कोसळत नाही.

मागे धावताना बिघडते काय? काही मुले ‘आता परफेक्टच मारायचा’ म्हणून होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणे, लांबवतात. साइट (रायफलवरचे नेम धरायचे साधन) स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर रोखलेला श्वास कमी पडू लागतो, हात डुलायला लागतो, डोळा जुनेच चित्र धरून बसतो आणि शेवटी बोट ट्रिगर दाबत नाही, झटकते. काहींचे उलटे असते. लेनवरच्या मॉनिटरवर दिसणारा तो गुणांचा आकडा लवकर मागे पडावा म्हणून ती वीस सेकंदांत पुढचा शॉट सोडून मोकळी होतात. दोन्हीकडे खांदे वर चढलेले असतात, पकड आवळलेली असते आणि गाल चीकपीसवर, म्हणजे रायफलवरच्या गालाच्या आधारावर, टेकण्याऐवजी रुतलेला असतो.

खरे तर वेळ भरपूर असतो. ६० शॉटना ७५ मिनिटे मिळतात. एका शॉटला पाऊण मिनिट धरले तरी ४५ मिनिटांत काम होते आणि अर्धा तास हाताशी उरतो. तो उरवून घरी नेता येत नाही. वाईट शॉटनंतर त्यातली दीड-दोन मिनिटे खर्च करायची.

कशी, ते सांगतो. शॉट सुटल्यावर मॉनिटरकडे बघण्याआधी मनात ‘कॉल’ द्यायचा, म्हणजे शॉट कुठे गेला असेल ते स्वतःशी बोलायचे. कॉल ‘उजवीकडे नऊ’ आणि मॉनिटरवरही तेच, तर कारण आपल्याला कळलेले आहे: होल्ड लांबला किंवा ट्रिगर झटकला. कॉल दहाचा आणि पडला उजवीकडे ८.७, तर बहुधा पोझिशन, म्हणजे उभे राहण्याची ठेवण, सरकली आहे. तेव्हा मनाला दोष न देता पाय बघायचे. रायफल स्टँडवर टेकवायची, नजर मॉनिटरवरून काढून जमिनीवर आणायची आणि तीन श्वास घ्यायचे. घेताना चार आकडे, सोडताना सहा. यात अर्धे मिनिट जाते. मग एकच वाक्य, तेही काय करायचे ते सांगणारे: ‘बोट हळू.’ ‘झटकू नको’ असे म्हटले की झटकाच आठवतो. त्यानंतर रायफल उचलून डोळे मिटायचे, एक श्वास सोडायचा, डोळे उघडून साइट कुठे आली ते पाहायचे. बाजूला आली असेल तर हाताने ओढायची नाही, पाय किंचित फिरवायचा. जमल्यास ड्राय फायरची (छर्रा न सोडता ट्रिगर दाबायची) कळ लावून एक कोरडा शॉट घ्यायचा. नंतर कळ परत फिरवायला विसरणारे महाभाग दर स्पर्धेत एक-दोन सापडतातच. एवढे झाल्यावर छर्रा भरायचा.

हे आधीपासून ठरलेले असावे लागते, कारण ऐन वेळी मन शांत करायला गेले की नेहमीची पायरी गळते. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तेच झाले. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) तो आघाडीवर होता, शेवटच्या शॉटला साधा ७.२ पुरला असता. टार्गेटचा क्रमांक आधी पाहून मग लक्ष्यावर उतरायची त्याची सवय. त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला, क्रमांक पाहायचा राहिला आणि गोळी शेजारच्या लेनमधल्या टार्गेटवर गेली. शॉट शून्य, स्थान आठवे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे उदाहरण जवळचे आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एका ७.६ ने त्याचे वैयक्तिक पदक हुकले, तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिसला त्याच प्रकारात ४५१.४ गुणांसह तो कांस्यपदक घेऊन आला.

सरावात यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. कोचने दहा शॉटच्या सीरिजमध्ये न सांगता मध्येच ‘आता आठ मार’ म्हणायचे. मुलाने मुद्दाम आठ मारायचा आणि वर सांगितलेला क्रम घड्याळ लावून पूर्ण करायचा. आठवड्यातून दोनदा एवढे पुरे. डायरीत ९.५ च्या खालच्या प्रत्येक शॉटनंतरचे तीन शॉट वेगळे लिहायचे आणि त्यांची सरासरी एकूण सरासरीशी ताडून पाहायची. फरक ०.१ च्या आत असेल तर मुलगा सावरतो आहे. ०.४ असेल तर नव्या जॅकेटवर पैसे घालण्याआधी इथे लक्ष द्या.

पालकांना एक विनंती. मोबाइलवर लाइव्ह गुण बघून कपाळाला हात लावू नका. वाईट शॉटनंतर मूल हमखास मागे वळून बघते आणि तुमचा चेहरा त्याला मॉनिटरपेक्षा मोठा दिसतो. लेनवर असताना बाहेरच्यांशी बोलता येत नाही, पण रायफल रिकामी करून, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याचे दाखवणारी पट्टी) घालून आणि रेंज ऑफिसरला सांगून मागे येऊन कोचशी बोलता येते. ही मुभा मुलांना माहीत करून द्या. परतीच्या गाडीत ‘त्या तेविसाव्याला काय झालं होतं रे तुला?’ हा प्रश्न नको. डायरी दुसऱ्या दिवशी उघडली तरी चालते.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी. नेमबाजीच्या बातमीत नुसते एकूण गुण न देता सहाही सीरिजचे आकडे छापावेत. १०३.२, १०१.१, १०३.४ अशी ओळ दिसली की दुसऱ्या सीरिजमध्ये घसरलेली मुलगी तिसऱ्यात सावरली, हे वाचकाला कळेल. जागा एका ओळीची लागते.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, पुणे