नवं यंत्र नको, आहे त्याला माणूस द्या

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय: सार्वजनिक विद्यापीठांतील प्रयोगशाळांची देखभाल आणि तांत्रिक पदे

महोदय,

विद्यापीठात नवं यंत्र आलं की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्याच यंत्राच्या पाचव्या वर्षाबद्दल हे पत्र आहे.

रसायनशास्त्र विभागातल्या एनएमआरपासून, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने रेणूंची रचना शोधणाऱ्या यंत्रापासून, सुरुवात करू. त्याचं चुंबक अतिवाहक (अतिथंडीत विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) तारेचं असतं आणि ती तार उणे 269 अंशांवर, द्रवरूप हेलियममध्ये बुडलेली ठेवावी लागते. बाहेरच्या कप्प्यात उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन. नायट्रोजन आठ-दहा दिवसांनी भरायचा, हेलियम चुंबकाच्या बनावटीनुसार काही महिन्यांनी. यंत्रावर कुणी काम करो वा न करो, दिवाळीची सुट्टी असो की संप, बाष्पीभवन थांबत नाही. हेलियमची पातळी खाली गेली की तारेचा एखादा भाग तापतो, अतिवाहकता जाते आणि उरलेला हेलियम काही मिनिटांत उकळून उडून जातो. एका लिटर द्रवाचा सुमारे 700 लिटर वायू होतो. तो खोलीतला प्राणवायू ढकलून देतो, म्हणजे माणसांच्या जिवालाही धोका. त्यानंतर चुंबक पुन्हा थंड करायला शेकडो लिटर हेलियम आणि कंपनीचा अभियंता लागतो. वर्षभराच्या भरणीपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा असतो.

आपल्या देशात लागणारा हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो. तरी त्याची खरेदी मात्र खुर्च्या-टेबलांच्या वाटेनेच चालते: मागणीपत्र, तीन दरपत्रकं, लेखा विभागाचा शेरा, समितीची बैठक. तीन पुरवठादार मिळाले नाहीत की फेरनिविदा. शुक्रवारी दुपारी टाकी फाटकाशी आली आणि आवक नोंदवणारा सोमवारी भेटला, तर तेवढ्या वेळात उडालेल्या हेलियमचेही पैसे विद्यापीठानेच भरलेले असतात.

जीवशास्त्राकडे वळलं तर उणे 80 अंशांचे फ्रीझर. ते बहुधा धुळीने मरतात. कंडेन्सरसमोरची जाळी महिन्याला धुवायची असते. ती तुंबली की कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो आणि मे महिन्यात केव्हातरी जळतो. खोलीत वातानुकूलन नसेल तर त्याहून लवकर. मग आतले नमुने हलवायचे कुठे? त्यासाठी एक रिकामा फ्रीझर कायम थंड ठेवावा लागतो. पण रिकामा फ्रीझर म्हणजे लेखापरीक्षणाच्या भाषेत ‘विनावापर पडून असलेली मालमत्ता’. त्यामुळे तो कुणी ठेवत नाही.

मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राची गोष्ट आणखी साधी. फॉस्फेट बफर (क्षार विरघळलेलं द्रावण) वापरल्यावर आधी पाण्याने धुऊन मगच सेंद्रिय द्रावक अ‍ॅसिटोनायट्रायल सोडायचं. क्रम चुकला की क्षाराचे खडे होतात, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) तुंबतो, पंपाची सीलं घासतात. हे विद्यार्थ्याला शिकवायला तिथे कायम बसणारा ऑपरेटर हवा. तो नसल्यामुळे एक विद्यार्थी दुसऱ्याला शिकवतो आणि तिसऱ्यापर्यंत पाण्याची पायरी गळून जाते.

भूशास्त्रात तर यंत्रापेक्षा हातच महत्त्वाचा. सूक्ष्मदर्शकाखाली खडक पाहायचा तर त्याचा काप 0.03 मिलिमीटर जाडीचा करावा लागतो. हिऱ्याच्या पात्याने चकती कापायची, एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासून सपाट करायची, ती इपॉक्सीने काचपट्टीला चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत न्यायची. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झ हे खनिज राखाडी दिसू लागलं की थांबायचं. थोडं जास्त घासलं की काप धुऊन जातो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ सहसा नसतंच, तिथे फेल्डस्पारच्या रंगावरून ओळखावं लागतं. शिवाय पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक घासताना निखळतात, म्हणून आधी राळ मुरवावी लागते. हे सगळं बोटांत यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तंत्रज्ञ निवृत्त होतो, पद आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) अडकतं, आणि भरलं गेलंच तरी शिकवणारा तोवर घरी गेलेला असतो. काचकाम करणाऱ्या कारागिरांचंही तेच झालं. निर्वात नळकांड्याची तुटलेली तोटी जोडायला आता काच दुसऱ्या गावी पाठवावी लागते.

वनस्पतिसंग्रहाच्या कपाटांत पावसाळ्यात शिरणारी बुरशी आणि भुंगेरे, प्राणिगृहातलं 22 अंशांच्या आसपासचं तापमान आणि बारा-बारा तासांचा उजेड-अंधार यांबद्दलही असंच लिहिता येईल. विषय बदलला तरी गरज तीच आहे: रोज लक्ष ठेवणारा माणूस आणि वेळेवर मिळणारा थोडा पैसा.

पैशाचं गणित असं बिघडतं. प्रकल्पाच्या अनुदानातून यंत्र घेता येतं. तीन-पाच वर्षांत प्रकल्प संपतो, हमीची मुदतही संपते, आणि देखभालीच्या कराराचे पैसे खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली भरायचे याला उत्तर नसतं. निविदेत कमी किमतीचं यंत्र जिंकतं. त्याचे सुटे भाग महाग असतात, पण ते तुलनेच्या तक्त्यात नसतात. त्यात सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची 5 टक्के जीएसटीची सवलत 18 जुलै 2022 पासून गेली आणि बहुतेक उपकरणांवर 18 टक्के कर लागू लागला. 1 कोटीच्या यंत्रामागे 13 लाखांचा हा फरक. एवढ्यात देखभालीची काही वर्षं निघाली असती. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज लहान नाही. तिथे हा विषय मांडला जावा.

केंद्राने जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख आणि खरेदी समितीची 10 लाखांवरून 25 लाख केली, जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलबाहेर घेण्याची मोकळीकही संस्थाप्रमुखांना दिली. राज्याच्या निधीतून होणाऱ्या संशोधन-खरेदीलाही तशीच सूट मिळाली, तर निम्मी रखडपट्टी आपोआप संपेल.

आमचं मागणं नव्या इमारतीचं किंवा ‘उत्कृष्टता केंद्रा’चं नाही. अशी केंद्रं कागदावर पुष्कळ झाली. 25 लाखांवरचं कोणतंही यंत्र मंजूर करताना दहा वर्षांचा देखभाल-खर्च त्याच निविदेत मागवावा आणि विजेता त्या बेरजेवर ठरावा. द्रव नायट्रोजन व हेलियमसाठी सर्व विद्यापीठांचा मिळून एकच वार्षिक दरकरार असावा, सुट्टीच्या दिवशी आवक घेण्याच्या अटीसह. कुशल तांत्रिक पदं पदभरतीच्या निर्बंधांतून वगळावीत आणि नवा माणूस जुना निवृत्त होण्याच्या एक वर्ष आधी रुजू व्हावा. वित्त विभाग म्हणेल, एका पदावर दोन पगार कसे? त्या एका वर्षाच्या पगाराशेजारी एकदा उकळून गेलेल्या चुंबकाचं बिल ठेवून पाहावं.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून मिळणारी संशोधक विद्यार्थ्यांची अधिछात्रवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला जमा व्हावी, ही मागणीही याच पत्रात. ऑपरेटर नसलेल्या प्रयोगशाळांत यंत्रं आज तेच सांभाळत आहेत.

प्रत्येक विद्यापीठाकडून एक साधा तक्ता मागवावा: यंत्राचं नाव, खरेदीचं वर्ष, सध्या चालू की बंद, बंद असल्यास कधीपासून, दुरुस्तीचा अंदाज, ऑपरेटरचं पद भरलेलं की रिक्त. पुढच्या अर्थसंकल्पाआधी तो सभागृहाच्या पटलावर ठेवावा. माहिती भरून द्यायला आम्हाला आठवडा पुरेल.

आपले,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करणारे काही अध्यापक व तंत्रज्ञ