आजीला कुणी विचारलंच नाही

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

मेडिसिनच्या इमर्जन्सीत ड्यूटी लागली म्हणालीस, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवायला देतात त्या अल्टेप्लेसचा डोस तुला मी काय सांगणार! किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा हिस्सा मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. बीपी १८५/११० च्या खाली आल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि दिल्यावर चोवीस तास अ‍ॅस्पिरिन नाही. आम्हा सिस्टरांनाही हे पाठ होतं. आता त्याच जातीचं टेनेक्टेप्लेस एका दमात देऊन मोकळे होता, बरं आहे तुमचं.

पण २०१२ साली आजोबांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा तू मला विचारलं होतंस, ‘ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आजोबांना का नाही दिलं?’ नववीत होतीस. मी ‘उशीर झाला होता’ म्हणून गप्प केलं.

सकाळी सहाला ते मोरीपाशी पडलेले दिसले. साडेसातला आपण कॅज्युअल्टीत होतो, आठला सीटी झाला, रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे धड कधी पाहिले? बाबा म्हणाले, रात्री दहाला झोपले तेव्हा. वेळ तिथूनच मोजतात, म्हणजे दहा तास. इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत केव्हाच उलटलेली. डॉक्टरांचं चुकलं नाही. अगं, १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन तासांच्या आत देऊनसुद्धा शंभरात सहाजणांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. दहा तासांनी कोण देईल? गिळता येत नव्हतं, म्हणून अ‍ॅस्पिरिन कुटून नाकातल्या नळीतून दिली. ती मीच दिली.

तिसऱ्या दिवशी आजी सहज बोलून गेली, ‘पहाटे पाचला तर बंब पेटवून मला हाक मारली त्यांनी, पाणी तापलंय म्हणून. चांगले चालत होते.’

पाच. म्हणजे साडेनऊपर्यंत वेळ होता. आजी बाहेर बाकावर पिशवी धरून बसली होती, तिला कुणी विचारलंच नाही. वॉर्डात वीस वर्षं काढलेली मीही नाही. इंजेक्शनने आजोबांचा हात परत आला असता की नाही, देव जाणे.

तेव्हा फॉर्म भरणाऱ्या, पेशंटच्या मुलाला विचारून थांबू नकोस. घरात पहाटे सगळ्यांत आधी कोण उठतं, ते शोध आणि त्या माणसाला विचार.

आजीशी हे मी कधी बोलले नाही. तूही बोलू नकोस.

तुझी,
आई