पट समान करायचाय ना, मग शाळांच्या हद्दी आधी पायवाटेनं मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी संच मान्यता, म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर करणारा कागद, आली की वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचा विषय वर येतो आणि त्यावर उत्तर पण दरवर्षी तेच, लहान शाळा उचला आणि मोठ्या शाळेत घाला. मी रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, माझी मुलगी आमच्या वाडीच्याच झेडपी शाळेत तिसरीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून हे लिहितोय. पट समान असावा हे आम्हाला पण मान्य आहे. एका शाळेत चार वर्ग मिळून बारा पोरं आणि दुसरीकडे एका मास्तरांच्या पुढ्यात दोन वर्गांची चाळीस पोरं, यात दोन्हीकडच्या पोरांचं नुकसानच आहे. पण पट समान करायला शाळा बंद करणं हा एकच मार्ग आहे का? शाळांच्या मधली हद्द थोडी इकडेतिकडे करून पण तो समान होतो, आणि हे कुणी बोलतच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी समूह शाळांसाठी, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायला, प्रस्ताव मागवले तेव्हाचे आकडे बघा, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यात १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. त्याआधी २०१७ ला दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळांवर असाच निर्णय झाला होता. या शाळा काही उगाच उघडलेल्या नव्हत्या हो. वाडीवस्तीवरचं पोर लांब जात नाही, विशेषतः मुलगी जात नाही, म्हणून गाजावाजा करून वस्तीशाळा काढल्या, त्यातल्या कितीतरी पुढे झेडपीच्या प्राथमिक शाळा झाल्या. मग आता त्याच वाड्यांमधली पोरं लांब कशी जातील याचं उत्तर आधी द्यायला नको का?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शेजारची शाळा हा शब्द आहे, आणि त्याखालच्या नियमांत तिचं अंतर, पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. आणि केंद्राच्या २०१० च्या नियमांत असंही आहे की जिथं दरड, पूर, रस्ता नसणं असा लहान मुलांना धोका असेल तिथं हे अंतर कमी करून शाळा द्यावी. म्हणजे ज्यांनी नियम लिहिला त्यांना डोंगर, नदी, पाऊस हे सगळं माहीत होतं. पण प्रत्यक्षात आपल्याकडे अंतर सरळ रेषेत मोजायची सवय लागलीय. याच कायद्याखाली खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के प्रवेशाच्या पोर्टलवर पण घराचं लोकेशन टाकलं की हवाई अंतर धरलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला २५ टक्के प्रवेशातून सूट असा बदल सरकारने केला होता, तो मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. म्हणजे एक किलोमीटर खाजगी शाळेला सूट द्यायला मोजता येतो, मग वाडीतल्या पहिलीच्या पोराला शाळा द्यायला पण तो नीट मोजला गेला पाहिजे.

आमच्याकडचं सांगतो. आमच्या वाडीतून मुख्य गावातली शाळा नकाशावर किलोमीटरच्या आतच दिसते. मधे पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा आहे आणि त्याच्यावर साकव म्हणजे छोटा पायपूल आहे, एका बाजूचा कठडा गेलेला. उन्हाळ्यात पोरं उड्या मारत पलीकडे जातात. जुलैत वर डोंगरात पाऊस झाला की अर्ध्या तासात पाणी साकवावरून जायला लागतं आणि सकाळी कोरडा असलेला साकव शाळा सुटायच्या टायमाला दिसत पण नाही. मग फाट्यावरून रस्त्याने वळसा, तो तीन किलोमीटरच्या वर, आणि त्या रस्त्याला एसटी म्हणाल तर रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी, ती सकाळी उजाडताना निघून जाते, शाळा भरते दहाच्या पुढे. मुलींना एसटीचा मोफत पास आहे पण तो पाचवीपासून, आणि आम्ही बोलतोय पहिली ते चौथीच्या पोरांबद्दल. सहा वर्षांच्या पोराला घेऊन रोज जायचं-आणायचं म्हणजे आईचे शेतातले दोन तास गेले, ते पण लावणीच्या दिवसात. अशा वेळी घरचे काय करतात, पोराला घरीच ठेवतात, हजेरीवर नाव राहतं आणि पोर गुरांमागे असतं.

याच्या उलट मुख्य गावाच्या हद्दीत पण पऱ्याच्या आमच्या अंगाला एक-दोन छोट्या वस्त्या अशा आहेत की त्यांना आमची शाळा चालत जवळ पडते, मधे पऱ्या नाही, सरळ पायवाट आहे. पण महसुली गावाच्या हद्दीमुळे दाखलपात्र मुलांच्या सर्व्हेत त्यांची नावं पहिल्यापासून तिकडच्या शाळेच्या यादीत, ती कधी कुणी बदललीच नाही.

आता हिशोब करून बघा. समजा एका शाळेचा पट १४ आणि शेजारच्या शाळेचा ७१. पट २० पर्यंत असेल तर मंजूर शिक्षक एक, २१ झाले की दोन. वस्तीवरची नऊ पोरं चालायला सोयीच्या शाळेत आली तर १४ चे २३ झाले, तिथं दुसरा शिक्षक मिळाला. ७१ चे ६२ झाले, तिथलं पद काही हललं नाही, कारण मार्च २०२४ च्या जीआरनुसार तिसऱ्या शिक्षकाचं पद नव्याने मिळायला ७६ लागतात आणि असलेलं टिकायला ६१ पुरतात. कुणाचीच पोरं लांब गेली नाहीत, कुणीच शिक्षक अतिरिक्त ठरला नाही. प्रत्येक ठिकाणी हे असंच जुळेल असं मी म्हणत नाही, काही शाळांत खरंच तीन-चारच पोरं आहेत आणि आजूबाजूला घरं पण नाहीत. पण आधी हे करून तर बघा, न जुळलं तर मग पुढचं बोलू.

यात शिक्षकांची पण एक बाजू आहे. पद पटावर अवलंबून, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आमचे मास्तर आणि शेजारच्या शाळेच्या मॅडम एकाच घरी एकाच पोराच्या नावासाठी जातात. एकाच झेडपीच्या दोन शाळा! भर उन्हात हे फिरणं बघवत नाही, आणि तोपर्यंत इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी फाट्यावर येऊन तिसऱ्याच शाळेला पोरं घेऊन गेलेली असते. प्रत्येक शाळेचं क्षेत्र लेखी ठरलं असतं तर ही ओढाताण झाली नसती. पालकाला दुसरी शाळा निवडायची असेल तर तो निवडेलच, त्याला कुणी अडवू नये. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या झेडपी शाळेत मोजून तीन पोरं उरली होती, आज तिथं पट शंभराच्या वर गेलाय, चांगलं शिकवलं की लोक येतात. तेव्हा आज पट कमी आहे म्हणून शाळेला कायमचं कुलूप लावणं मला तरी बरोबर वाटत नाही.

समूह शाळेचं उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ सांगतात. पण पानशेतला पोरांना ने-आण करायला बस आहेत आणि तोरणमाळची शाळा निवासी आहे. बस मिळाली, ती पावसाळ्यात पण वाडीपर्यंत आली आणि तिचं डिझेल पुढच्या वर्षी कोण देणार हे लेखी मिळालं तर आम्ही पण विचार करू. नुसतं वाहतूक भत्ता देऊ म्हणाल तर ज्या रस्त्याला रिक्षाच येत नाही तिथं त्या भत्त्याचं काय करायचं?

माझी मागणी साधी आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून वरून यादी यायच्या आधी प्रत्येक केंद्रातल्या, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या शेजारच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचा एकत्र नकाशा करा, कुठली वस्ती कुठल्या शाळेला, चालत किती, मधे नदी, पऱ्या, हायवे काय आहे, हे सगळं त्यावर दाखवा. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवा, हरकती घ्या, आणि ठरलेली हद्द जूनपासून लागू करा. वर्ष अर्धं झाल्यावर पोरांना हलवू नका. एका घरातला मोठा भाऊ ज्या शाळेत आहे तिथंच धाकट्याला राहू द्या. आणि अंतर मोजायचं काम एप्रिलमध्ये मोबाईलवर करू नका, जुलैत करा, केंद्रप्रमुख, ग्रामसेवक आणि समितीचे दोन पालक यांनी सोबत चालून. आमच्या केंद्रात हे करायचं ठरलं तर वाट दाखवायला आमच्या समितीचे लोक हजर राहतील, तसं पत्र आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांना या आठवड्यात देतोय.

आपला,
एक पालक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी