मामा, तीन पौंडच पुरे झाले

मामा,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही "हां, हां, ठेवा आता" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता मुद्दाम टाकत नाही. "दारात चार गाड्या उभ्या हायत, पाचवी धाडू नका," असं तुम्हीच बजावलंय. कोल्हापूरचं उद्यमनगर, एवढंच सांगते.

गेल्या रविवारी आंबोली घाट चढले. दाणोली सोडली ती थेट वर चहाच्या टपरीपर्यंत कुठे थांबले नाही. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? पण वर्षभर माझी पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी, त्या घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर धापा टाकायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला की आठ-दहा सेकंद झकास ओढायची, मग खोकायची, मग मिसिंग. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू.

पद्मिनीचं इंजिन मुळात १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. माझ्या आधीच्या मालकाने ताकद वाढवायला हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, सायलेन्सर मोकळा केला आणि मूळचा सोलेक्स कार्ब्युरेटर काढून दोन बॅरलचा, मोठा ३२/३६ वेबर चढवला. पेट्रोलचा पंप मात्र तोच, कॅमच्या धक्क्यावर चालणारा, पडद्याचा. ज्याला विचारावं तो सांगायचा, "फ्युएल प्रेशर कमी पडतंय, वाढवा." मीही ऐकलं. एका ठिकाणी (नाव कशाला घ्यायचं) इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. तो दर चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या वर प्रेशर देणारा, आणि वेबरमधली पेट्रोल अडवणारी सुई जेमतेम तीन-साडेतीन पौंड थोपवते. व्हायचं तेच झालं. सुई उचलली गेली, पेट्रोल कार्ब्युरेटरच्या गळ्यातून खाली वाहायला लागलं. गाडी पेटली नाही, हे आमच्या सातेरीचं देणं.

त्या अवस्थेत तुमच्याकडे आणली. तुम्ही बोनेटखाली बघितलंसुद्धा नाहीत. ऑइलची दांडी काढून नाकाला लावलीत आणि म्हणालात, "ह्ये ऑइल न्हाई, रॉकेलचा डबा हाय. आधी बदला, मग बोलू." पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. तशीच आणखी शंभर किलोमीटर चालवली असती तर बेअरिंगं गेली असती, हे मला नंतर कळलं. तो दिवस फक्त ऑइल बदलण्यात गेला. जुना पंप परत जागेवर लावलात आणि इलेक्ट्रिक पंप माझ्या हातात दिलात, "घरी विहिरीला लावा" म्हणून.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. कार्ब्युरेटरची नळी सोडवून तुम्ही ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातलीत आणि बाटली मला धरायला दिलीत. इतर गॅरेजांत सगळे माझ्या भावाशी बोलायचे, गाडी माझी असली तरी. इंजिन कार्ब्युरेटरच्या वाटीत (बाउलमध्ये) उरलेल्या पेट्रोलवर अर्धा मिनिट चालवलंत, आणि मला सांगितलंत, "पाणी किती जोरात येतंय ते बघून काय करतासा? बादली किती वेळात भरती ते बघा की." नगरपालिकेच्या नळावर वाढलेल्या माणसाला ह्याहून सोपं करून कोण सांगणार! पंपाचं प्रेशर त्याच्या स्प्रिंगवर ठरतं, ते प्रेशरच्या गेजवर ठीकच दिसायचं. कमी पडत होती ती धार. साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात तासाला वीसेक लिटर पितं, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे मिली. माझ्या बाटलीत रेस वाढवली तरी धार वाढेना, उलट बुडबुडे यायला लागले. बुडबुडे दिसल्याबरोबर तुम्ही हसलात. मला तेव्हा राग आला होता, आता सांगते.

मग एकेक निघत गेलं. टाकीतल्या नळीची जाळी गंजाने भरलेली. पंपाच्या अलीकडचा रबरी पाइप चिरलेला, तिथून हवा ओढली जात होती. इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, हे तुमचं म्हणणं. आणि पंपाखाली एकावर एक दोन जाड गॅस्केट! त्यामुळे पंप ब्लॉकपासून लांब गेलेला, कॅम त्याच्या दांडीला पुरता ढकलतच नव्हता. एवढ्या कामाचे तुम्ही साडेतीनशे रुपये घेतलेत. त्यातच पंप सुधारला.

तरी घाटात गेज दोन पौंडांच्या खाली यायचाच. गेज विंडस्क्रीनच्या बाहेर वायपरखाली बांधून तुम्ही स्वतः माझ्या शेजारी बसून आलात. पेट्रोलची नळी केबिनमध्ये घ्यायची नाही, ह्यावरून मला झापलंतसुद्धा. तेव्हा कुठे खरा बदल करायचं ठरलं. टाकीजवळ कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप, सहाऐवजी आठ मिलीमीटरची लाइन, कार्ब्युरेटरपाशी तीन पौंडांवर बांधलेला रेग्युलेटर आणि बारीक भोकाची परतीची नळी, म्हणजे पेट्रोल फिरत राहतं आणि बोनेटखाली तापून त्याची वाफ होत नाही. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून पंपाला वीज दिलीत, इंजिन बंद पडलं की पंपही बंद. हे मी मागितलं नव्हतं. अपघात झाला तर तुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओततच राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि शेवटचं काम जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकांचं. पेट्रोल कमी पडतं म्हणून कुणीतरी आधीच मोठे जेट घातले होते. धार सरळ झाल्यावर गाडी काळा धूर सोडायला लागली तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही प्लग काढून त्यांचा रंग बघितलात, दोन वेळा जेट उतरवलेत. आता प्लग फिक्या तपकिरी रंगाचे येतात.

तुम्ही तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात शिकलात, हे मला बाटली धरता धरताच कळलं. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकून भाडी मारायचे ते दिवस. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीची टॅक्सी नाही, हे मी हळहळत सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात, "मग पार्ट स्वस्त झालं असतील, चौकशी करा." चौकशी केली, मामा. महागच झालेत.

माझ्याही डिकीत असं ओलं करायचं फडकं होतं, ते तुम्ही फेकू दिलं नाहीत. ते अजून तिथेच आहे, काच पुसायला वापरते. तुमचा गेजही माझ्याकडेच राहिलाय, वायपरच्या चिकटपट्टीसकट. येत्या शनिवारी आजऱ्यावरून येतेय, तेव्हा देते. सोबत आमच्याकडचे काजूही आणते. पैसे फारसे घेतले नाहीत, निदान काजूंना नाही म्हणू नका.

तुमची,
सावंतवाडीची पद्मिनीवाली