परत कधी येतोस

एर्लांगेन, जर्मनी
१२ मे २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा ओमचा निकाल सांगितला आणि तुम्ही एकदम गप्पच झालात. मग आईनं फोन घेतला. "नऊ वर्षांच्या पोट्ट्याचं आत्तापासूनच काय ठरवतेत वं बाई?" म्हणाली. मला नीट उत्तर देता आलं नाही. फोनवर मी तुमच्याशी निम्मंच खरं बोलते, म्हणून लिहायला बसले.

आधी निकाल. इथं बायर्न राज्यात चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. मे महिना लागला की हातात एक प्रमाणपत्र पडतं. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी त्यात असते. इथं १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास, सगळं आपल्या उलटं. सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. २.६६ पर्यंत रेआलशूल, दहावीपर्यंतची शाळा. बाकीची मुलं मिटेलशूलला, म्हणजे कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत. ओमला गणितात २, उरलेल्या दोन्हींत ३. झाले २.६६, अगदी काठावर. रेआलशूल करूनही पुढं कॉलेजला जाता येतं, वळसा पडतो एवढंच. त्यामुळे पोराचं वाटोळं झालं असं समजू नका. चौथीत चाळणी लावणं मला पटत नाही, ते वेगळं. घरी जर्मन बोलणारे आईबाप असलेली मुलं या चाळणीतून सहज वर राहतात, हे इथली माणसंही कबूल करतात. पिसा म्हणून देशोदेशीच्या शाळकरी मुलांची एक चाचणी असते, तिचे २००० सालचे निकाल आले तेव्हा यावर देशभर गदारोळ झाला होता म्हणे. चाळणी मात्र जागेवरच आहे.

पण मला बोलायचंय ते गुणांबद्दल नाही. फेब्रुवारीत त्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पोरगा हुशार आहे, पण जर्मनचा धडा आला की खिडकीबाहेर बघत बसतो, म्हणाल्या. त्यांनी कारण विचारलं तर हा म्हणाला, "आम्ही दोन वर्षांनी परत जाणार आहोत, मग मला हे कशाला लागतं?"

आई, हे वाक्य माझं आहे. दर रविवारी तुला मीच ते ऐकवते. तो पहिलीत होता तेव्हापासून आमची दोन वर्षं दोनच आहेत. तुला बरं वाटावं म्हणून मी बोलत गेले, आणि शेजारी बसून चित्र रंगवणाऱ्या पोरानं ते खरं धरलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहतात. १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, त्यांतले एक त्यांचे वडील. त्यांना इथं म्हणतच 'पाहुणे कामगार'. आजी आठ वर्षांच्या असताना आल्या आणि त्यांना वेगळ्या वर्गात बसवलं. मास्तर तुर्कस्तानातून आणलेले, भाषा तुर्की. कारण ही मुलं परतच जाणार होती! सरकारही तेच म्हणत होतं आणि घरात बापही तेच. १९७३ ला नवी भरती बंद झाली, पण आलेले गेले नाहीत, उलट त्यांनी बायकापोरं बोलावून घेतली. आजी चाळीस वर्षं लाँड्रीत राबल्या. जर्मन फाडफाड बोलतात, पण सरकारी पत्र आलं की अजून नातीला हाक मारतात.

त्यांना मी आपल्या कॅम्पाची गोष्ट सांगितली. पूर्व पाकिस्तानातून निघालेली बंगाली कुटुंबं साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या रानात आणून वसवली, गडचिरोली जिल्हा व्हायच्याही आधी. गावांना नावं मिळाली, ग्रामपंचायती झाल्या, तरी आपण 'कॅम्प'च म्हणत राहिलो. आजी हसून म्हणाल्या, "आमच्याही वस्तीला एक नाव होतं." काय, ते सांगितलं नाही.

बाबा, तुमच्या वर्गात माझ्या बाकावर एक बंगाली मुलगी बसायची, आठवते? 'कमळ' वाचताना 'कोमोल' म्हणायची आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायची ती मी, गुरुजींची पोरगी. मासेखाऊ म्हणूनही चिडवायचो तिला. आणि आपल्या घरी काय, बोडीतले मासे तिच्याच बापाकडून यायचे. तुम्ही मला मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यासमोर उभं करून सगळ्या वर्गाला बंगालीत एक ते दहा म्हणायला लावलंत. सहावर माझी जीभ अडखळली तेव्हा ती हसली. चिडवणं काही त्यानं थांबलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडायला लागली. शाळा सुटल्यावर आई तिला भात वाढायची आणि ती आपली झाडीबोली अशी उचलत गेली की तिची आजी चिडायची. म्हातारी 'देश' म्हणायची ते पूर्व पाकिस्तानात राहिलेल्या खुलन्याला. सातवीनंतर ती दिसली नाही. तिच्या नमःशूद्र जातीचं नाव बंगालच्या अनुसूचित यादीत आहे, आपल्याकडच्या नाही, म्हणून दाखला नाही आणि शिष्यवृत्तीही नाही. तहसीलच्या किती चकरा मारल्यात तुम्ही! ती हुशार होती, माझ्यापेक्षा. हे मी त्या वेळी कुणाजवळ बोलले नव्हते.

तर आता ओमसमोर मी 'परत जाणार' म्हणणार नाही. त्याला काल सांगितलं, आपण इथं राहतोय, घर मात्र दोन्हीकडे आहे. त्यानं विचारलं, "मग मी फुटबॉलच्या क्लबात नाव घालू?" तीन वर्षं त्यानं हे विचारलं नव्हतं. जाऊन काय करायचं, सोडावंच लागेल, असं त्याचं गणित असणार.

नागरिकत्वाचं बाबा विचारतील. जून २०२४ पासून इथं पाच वर्षांत अर्ज करता येतो आणि जर्मनी जुना पासपोर्ट सोडायला सांगत नाही. भारताला दोन चालत नाहीत. आमचं काही ठरलेलं नाही. ठरलं की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन, आणि या वेळी पूर्ण सांगेन.

आई, तुला हे वाचून वाईट वाटणार, ठाऊक आहे मला. रडलीस तर रड, पण गुडघ्याचं औषध चुकवू नकोस. बाबांना सांग, ओमची मराठी माझ्याकडे. रोज रात्री अर्धा तास वाचतो आम्ही. 'ळ' त्याला अजून जमत नाही, कमळाचं 'कमल' करतो. मी हसत नाही.

रविवारी फोन करते. 'परत कधी येतोस' नको, 'सुट्टीत कधी येतोस' विचारा त्याला. ऑगस्टमध्ये येतोय, तान्ह्या पोळ्याला तिथंच असू. माळ्यावरच्या लाकडी नंदीचं एक चाक मोडलंय, तेवढं सुताराकडून बसवून ठेवा.

तुमची,
बेबी