एका तुकड्याने काय होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराईत माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने वरण-बट्टीच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरला, की शेजारची एखादी आजी हमखास म्हणते, "एक तुकडा खादा ते काय व्हस वं?" त्या बोलण्यात माया असते, पण त्याचे उत्तर पंगतीत देता येत नाही, म्हणून हे पत्र.

मुलीला सीलिॲक आहे. गहू, जव किंवा राय (गव्हासारखे एक विलायती धान्य) यांतले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की तिच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषणारे मखमलीसारखे अंकुर झिजतात आणि मग लोह, कॅल्शियम कितीही दिले तरी अंगी लागत नाही. 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. तिथे गव्हाच्या बट्टीचा तुकडा म्हणजे फारच झाले.

निदान होईपर्यंत तीन वर्षे लोहाचे सिरप आणि जंताच्या गोळ्या चालल्या. उंची वाढेना म्हणून मी स्वतः रोज रात्री दुधात माल्टची पावडर घालून देत होते, आणि ते माल्ट जवाचे असते हे मला ठाऊक नव्हते. रक्ताची पहिली तपासणीही निर्दोष आली, कारण ती आयजीए जातीच्या प्रतिपिंडांवर (प्रतिकारयंत्रणा रक्तात सोडते त्या प्रथिनांवर) बेतलेली असते आणि मुलीच्या रक्तात मुळात आयजीएच नगण्य होते. सीलिॲकच्या रुग्णांत ही उणीव इतरांपेक्षा जास्त आढळते, त्यामुळे एकूण आयजीए सोबतच मोजून घ्यावे; तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू मात्र बंद करू नये, नाहीतर निदान हुकते.

"प्रतिकारशक्ती कमी आहे, काढा द्या," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक इथे शक्ती भरकटलेली असते, आणि ती भलतीकडे लढत असताना दुसरी बाजू उघडी पडते. काही रुग्णांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव, नीट काम करत नाही, म्हणून न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस घ्यायला सांगतात. हिपॅटायटिस बी ची लसही काहींना नीट लागू पडत नाही. आमच्या मुलीला ती पुन्हा द्यावी लागली. थायरॉइड आणि टाइप १ मधुमेहावरही लक्ष ठेवावे लागते. सख्ख्या भावंडांची व आईवडिलांची तपासणी करून घ्यावी, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तशी खान्देशात सोय मोठी आहे. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरीत, ज्वारीचे बिबडे, केळी यांवर मूल मजेत वाढते. अडते ते गिरणीत. आमचे गिरणीवाले दादा पहाटेचे पहिले दळण आमचे घेत, तरी जात्याच्या दगडाला आदल्या दिवशीचा गहू चिकटलेला असेच; शेवटी घरघंटी आणली आणि तिच्यात गव्हाचा दाणा पडू दिला नाही. हिंगाचेही तसेच. डबीतल्या पुष्कळ हिंगात मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे पंगतीतले नुसते वरणही आम्हाला टाळावे लागते.

प्रत्येक मोठ्या गावात एखादी गिरणी फक्त ज्वारी-बाजरीची राहिली, तर घरघंटी न परवडणाऱ्या घरांची सोय होईल. यजमानांनी आमच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नये. कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही डब्यात आणतो. तेवढा बट्टीचा आग्रह करू नये, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)