बोर्डिंग गेटवर शिव्या एकाला, अधिकार दुसऱ्याकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानतळावरच्या हमरीतुमरीचा व्हिडिओ फिरायला लागला की दोनच मतं ऐकू येतात. एक तर प्रवासी माजलेत, नाहीतर कंपनीवाले मुजोर झालेत. सांगली-मिरज भागात विमानाची तिकिटं काढून देण्याचा धंदा करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितोय. आमच्या मते या भांडणांचं बी घड्याळात, वजनकाट्यात आणि अर्धवट माहितीत असतं. गेटवर उभ्या असलेल्या विशी-बाविशीतल्या मुलीकडे निर्णयाचा अधिकार नसतो, आणि ज्याच्याकडे असतो तो गेटवर नसतो. बरेचदा ती विमान कंपनीची नोकरही नसते. जमिनीवरची कामं ठेक्यानं घेणाऱ्या दुसऱ्याच कंपनीची असते.

आधी वेळेचं बोलू. तिकिटावर ठळक छापलेली असते ती विमान सुटण्याची वेळ. प्रवाशाच्या कामाच्या वेळा त्याआधीच्या दोन. देशांतर्गत विमानांसाठी बॅगा घेणारा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि विमानात सोडणारं गेट बहुतेक कंपन्या २५ मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे पुण्याहून सकाळी ६.३० चं विमान असेल तर ५.३० नंतर बॅग घेत नाहीत आणि ६.०५ ला गेट बंद. एसटी हलायच्या आधी पाच मिनिटं स्टँडवर पोचायची सवय असलेला माणूस मात्र ६.३० हाच आकडा धरून बसतो. सांगलीहून लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. पेठ नाक्यावर हायवेला लागलं की कराड, सातारा, खंबाटकी, खेड शिवापूरचा टोल आणि शेवटी नवले पुलाची गर्दी. त्यात सहापदरीकरणासाठी रस्ता वळवलेला असला की आणखी वेळ जातो. या विमानासाठी रात्री अकरा-साडेअकराला घर सोडायलाच हवं. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजीयात्रा ॲपमुळे दारातली रांग वाचते, सुरक्षा तपासणीची वाचत नाही, हेही लक्षात ठेवावं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते गेट बंद झाल्यावर. काचेतून विमान समोर दिसत असतं, शिडीसुद्धा लागलेली असते, तरी आत सोडत नाहीत. कारण असं, की गेट बंद होताच प्रवाशांचा आकडा पक्का होतो, त्यावरून विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा तक्ता तयार होतो आणि तो वैमानिकाकडे जातो. बॅग टाकून जो आलाच नाही, त्याची बॅग सुरक्षेच्या नियमानुसार विमानाच्या पोटातून शोधून खाली उतरवावी लागते. एअरबस ३२० मध्ये १८० च्या आसपास आसनं असतात. एवढ्यांच्या सामानातून एक बॅग काढायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. ती उतरवून झाली आणि पाठोपाठ प्रवासी धापा टाकत हजर झाला, तर पुन्हा तक्ता बदला, पुन्हा बॅग चढवा. त्यात लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथलं हवाई नियंत्रण त्यांच्याकडे. उड्डाणाची ठरलेली वेळ हुकली की पुढची कधी मिळेल ते कंपनीच्या हातात नसतं. काउंटरचंही तसंच. वेळ संपली की संगणकावर ते उड्डाण बंद होतं आणि समोरच्या कर्मचाऱ्यानं मनात आणलं तरी बोर्डिंग पास निघत नाही. हे कुणी शांतपणे सांगत नाही. ‘गेट बंद हो गया सर’ एवढंच ऐकू येतं, आणि मग आवाज चढतात.

विमान चुकलं तरी सगळेच पैसे बुडत नाहीत. भाडं गेलं तरी विमानतळाची वापर फी आणि तत्सम शुल्कं परत मिळतात. ती मागावी लागतात, आणि फारसं कुणी मागत नाही.

आता सामान. केबिनमध्ये एक बॅग, ७ किलो, साधारण ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर. विमानाच्या पोटात बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर १५ किलो. आपल्याकडचा पाहुणा दिल्ली-बंगळूरला रिकाम्या हातानं जात नाही. पाच किलो बेदाणा, दोन किलो हळद, भडंग, चटणी, वर मुलीच्या आईनं दिलेला डबा. काउंटरवर काटा १९ दाखवतो, जादा किलोला पाचशे रुपयांच्या वर दर ऐकू येतो आणि तिथेच जमिनीवर बॅगा उघडून चार किलो केबिनच्या बॅगेत कोंबले जातात. ती मग ११ किलोची होते आणि गेटवर पकडली जाते. म्हणजे गेटवरचं भांडण काउंटरवरच तयार झालेलं असतं. हातात धरायचा लटकता काटा तीनचारशे रुपयांत मिळतो. घरीच वजन करावं आणि जादा किलो वेबसाइटवर आधी घ्यावेत, दर विमानतळापेक्षा कमी पडतो. कांदा-लसूण चटणीचा डबा हातातल्या बॅगेत नको, तिखटाची पूड सुरक्षा तपासणीत अडवतात. उलट सुकं खोबरं पोटातल्या सामानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतं. पॉवर बँकही पोटातल्या बॅगेत नको, ती केबिनमध्येच, १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप). वीस हजार एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते.

इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यावरून हटकून वाजतं. कोल्हापूरहून एटीआर जातीची लहान विमानंही उडतात. त्यांचे डोक्यावरचे कप्पे एवढे लहान, की चाकांची ताठ बॅग नियमात असली तरी बसत नाही. मग विमानाच्या दाराशी ती घेऊन टॅग लावतात आणि पोटात टाकतात. मोठ्या विमानातही कप्पे भरले की शेवटच्या पंचवीस-तीस जणांच्या बॅगा अशाच काढून घेतात. पुढच्यांनी दोन-दोन बॅगा वर ठेवलेल्या असतात आणि सात किलो मोजून आणणाऱ्याची जाते. त्याचा राग आम्हाला रास्तच वाटतो. शिवाय बॅग देताना पॉवर बँक, औषधं, दागिने, लॅपटॉप काढून घ्यायचे असतात, आणि मागे रांग खोळंबलेली असताना कुलपाचा आकडा आठवत नाही. या गोष्टी एका पिशवीत वेगळ्या घालून तीच पिशवी केबिन बॅगेत सर्वांत वर ठेवावी, दहा सेकंदांत काम होतं.

वजनाचा वाद कुठवर जातो ते जुलै २०२५ मध्ये श्रीनगरला दिसलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार दोन केबिन बॅगांचं वजन १६ किलो भरलं, जादा पैसे मागितल्यावर प्रवाशानं कर्मचाऱ्यांना मारहाण केली आणि काहींना गंभीर इजा झाली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशानं हात टाकला होता. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांत अशा वर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल अशा कृत्याला किमान दोन वर्षं प्रवासबंदी. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत निर्णय देते, आणि तोवर कंपनी बंदी घालू शकते. तेव्हा तावातावानं बोलताना पहिली पायरी कधी चढली ते कळतही नाही.

प्रवाशाच्या बाजूचे नियमही तितकेच पक्के आहेत, फक्त ते गेटवर कुणी वाचून दाखवत नाही. जास्त तिकिटं विकल्यामुळे जागा नाही म्हणाले, तर कंपनीनं आधी स्वखुशीनं थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही तुम्हाला उतरवलं आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई लागू होते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. दुसरं विमानच नको असेल तर पूर्ण परतावा आणि वर तीच चौपट भरपाई, त्याच कमाल मर्यादेत. मात्र विमानतळावरून पाय काढायच्या आधी ‘डिनाइड बोर्डिंग’ अशी नोंद लेखी घ्यावी. ‘उद्याच्या विमानात बसवतो’ या गोड बोलण्यावर निघून आलं की नंतर हाती काही उरत नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी जागा देण्याचा आदेश एप्रिल २०२४ पासून आहे. त्यासाठी विमानात शिरल्यावर आसनांची अदलाबदल करत वाट अडवण्याऐवजी काउंटरवरच सांगावं. चाकाची खुर्ची हवी असेल तर ४८ तास आधी नोंदवावी, दारात मागितली की ताटकळत बसावं लागतं.

उशिराच्या बाबतीत मात्र आम्ही प्रवाशांच्या बाजूनं आहोत. ‘अजून अर्धा तास’ असं चार वेळा ऐकल्यावर कुणाचाही पारा चढेल. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं, सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो, आणि वैमानिकांच्या कामाचे तास संपले तर विमान उभं राहतं. हे कंपनीच्या नियंत्रण कक्षाला आधीच दिसत असतं. गेटवरच्या मुलीच्या पडद्यावर फक्त नवी वेळ येते, कारण येत नाही. तेच कारण लोक तिला ओरडून विचारतात.

म्हणून पुणे आणि कोल्हापूर विमानतळांच्या सल्लागार समित्यांत आपले लोकप्रतिनिधी बसतात, त्यांनी एवढं लावून धरावं. तिकिटाच्या संदेशात काउंटर आणि गेट बंद होण्याच्या वेळा सुटण्याच्या वेळेइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीतही असाव्यात. केबिन बॅगेचं वजन काउंटरवरच करून टॅग लावावा. तासाभराच्या वर उशीर होताच निर्णयाचा अधिकार असलेल्या ड्युटी मॅनेजरनं गेटवर येऊन कारण आणि भरपाईचा नियम माइकवर सांगावा. तोवर प्रवाशांनी काउंटरच्या कर्मचाऱ्याशी न भांडता ड्युटी मॅनेजरला बोलवा म्हणावं, वेळ आणि नाव लिहून ठेवावं आणि तक्रार सरकारच्या एअरसेवा ॲपवर नोंदवावी. बोर्डिंग पासचा तुकडा मात्र टाकू नये, तक्रारीला तो लागतो.

आपले,
विमान तिकीट व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली